दुसरी वाटी

घरात ज्याने कधी व्हॅक्युम क्लीनरला हात लावला नाही, तो माणूस दर शनिवारी सकाळी वेरिबी साउथचा समुद्रकिनारा झाडून काढायचा. लांबून तरी तसंच दिसायचं. पायात गमबूट, कानांवर हेडफोन, हातात लांब दांड्याचं मशीन आणि त्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वाळूखाली धातू असला की मशीन टुंईं करायचं, आणि हा गुडघ्यावर बसून खुरप्याने उकरायचा.

हा आमचा शेजारी, दत्तप्रसाद नाबर. आमच्या दोन घरांमध्ये सहा फुटी लाकडी कुंपण आहे आणि त्यातली एक फळी चार वर्षांपासून सुटलेली आहे. मी ती मुद्दाम दुरुस्त करून घेत नाही, असं माझा नवरा स्टीफन म्हणतो. ते खरं आहे.

दत्ता मूळचा डोंबिवलीचा. वीस वर्षांपूर्वी इथे परदेशात अकाउंटिंग शिकायला आला, युनिव्हर्सिटी संपली, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, आणि फिरून फिरून बस चालवायला लागला. नव्या वस्तीतून स्टेशनला जाणारी बस. मी एकदा म्हटलं, "दत्ता, एवढी फी भरलीस, त्यात एक बस आली असती." तर म्हणाला, "सेलिन, अकाउंटंटला कुणी थँक यू म्हणत नाही. मला उतरताना दिवसाला तीनशे माणसं म्हणतात." त्यानंतर मला त्याची चेष्टा करायला थोडं जड गेलं. पण मी केली.

मशीन त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बायकोने दिलं. चित्रलेखाला शनिवारची सकाळ एकटीला हवी होती, एवढंच. पण दुसऱ्याच महिन्यात त्याला वाळूत एका म्हाताऱ्या गोऱ्याची लग्नाची अंगठी सापडली, आत नाव कोरलेली. दत्ताने फेसबुकवर शोधून ती परत केली. म्हातारा रडला, लोकल पेपरात फोटो आला, आणि चित्रलेखाने तो फ्रेम करून देव्हाऱ्याच्या शेजारी लावला. मी विचारलं, "आरती दोघांची एकदमच करता की वेगवेगळी?"

मग त्याने नियम केला. नाव असलेली वस्तू परत करायची. नाव नसलेली मौल्यवान वस्तू पोलीस स्टेशनात दाखवायची. कुणी मागायला आलं नाही तर ती बिस्किटांच्या डब्यात. हा नियम तो येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. खरं सांगते, तो पाळायचाही. निदान जेटीच्या पलीकडे जाईपर्यंत.

जेटीच्या पलीकडे एक शांत कोपरा आहे. आपले लोक तिथे गणपती सोडतात आणि अस्थीही सोडतात. आमच्या वसईच्या ख्रिस्ती लोकांत माती देतात. जे माणसाबरोबर द्यायचं ते पेटीत, आणि पेटी सहा फूट खाली. इथल्या हिंदूंची पंचाईत अशी की होडी कुणाकडे नाही, पोहता कुणाला येत नाही, आणि गुरुजी व्हॉट्सॲपवर डोंबिवलीहून मंत्र सांगतात. त्यामुळे सगळे पँटी दुमडून गुडघाभर पाण्यात जातात आणि तिथेच सोडून येतात. राख जाते. फुलं जातात. सोनं मात्र जिथे सोडलं तिथेच बसतं. हे मला दत्तानेच सांगितलं, अगदी मास्तरासारखं. "सोनं जड असतं, सेलिन. समुद्र ते नेत नाही."

एका नोव्हेंबरात त्याने फळीतून हात पुढे केला. तळव्यावर एक सोन्याचा मणी, चांदीची दोन जोडवी आणि सोन्याचं नखाएवढं तुळशीपान होतं.

मी म्हटलं, "दत्ता, मेलेल्यांच्या खिशात हात घालतोस?"

तो हसला नाही. म्हणाला, "हरवलेल्या वस्तूला मालक असतो. तो शोधतो, त्याला परत देतो. ही हरवलेली नाही, दिलेली आहे. ज्याला दिली तो काही मागायला येणार नाही. मग मालक कोण, सांग."

"मग पोलिसांत दाखव."

"काय सांगू त्यांना? अस्थीतलं आहे म्हणून?"

माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की या वेळी त्याने नियम सांगितला नाही, युक्तिवाद केला.

सोन्याचा भाव तेव्हा रोज चढत होता. त्याची मुलगी स्पृहा नर्सिंगची पदवी घेणार होती, तिला कुड्या करायच्या होत्या. दत्ताने त्या कोपऱ्यातलं सापडलेलं सगळं एका पुडीत बांधलं आणि हॉपर्स क्रॉसिंगच्या एका सोनाराला दिलं. काही वितळवलं, त्याच्या कुड्या झाल्या. बाकी विकलं. स्पृहाने कुड्या घालून फोटो काढला, मीही त्यावर हार्ट टाकला.

आता अस्मिताचं सांगते.

अस्मिता आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. तिचा नवरा सलिल दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. शेहेचाळीस वर्षांचा होता. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. त्याला कायमचं ठाण्याला परत जायचं होतं, हिला नव्हतं. चहाचा कप आपटून ही म्हणाली होती, "तू जा. मी नाही येत." आणि तो गेला. हे तिने मला एकदाच सांगितलं, पण मी जितक्यांदा तिच्या घरात चहा प्यायले तितक्यांदा मला तो कप शोधावासा वाटला.

मुलगा सोहम लांब दुसऱ्या शहरात, गुंगालिनला नोकरीला. अस्थिविसर्जनाला तो आला होता, आणि गल्लीतले आम्ही चार जण. गाडी दत्ताने चालवली होती. दत्ताच काठावर टॉवेल घेऊन उभा होता. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, पाणी इतकं गार होतं की अस्मिताच्या पायांचा रंग बदलला. राखेच्या पिशवीबरोबर तिने एक फडक्याची पुरचुंडी सोडली, त्यात काय होतं ते कुणी विचारलं नाही. अशा वेळी मीसुद्धा विचारत नाही.

दीड वर्षाने, जानेवारीतल्या एका उकाड्याच्या दुपारी, ती माझ्या किचनमध्ये आली आणि टेबलावर मंगळसूत्राची एक वाटी ठेवली. नुसती वाटी, पोत नाही, मणी नाहीत.

"सेलिनताई, ही माझी आहे."

"बरं मग?"

"मी ती सलिलबरोबर सोडली होती. त्या फडक्यात माझं मंगळसूत्र होतं."

सोनाराकडे ती कानातल्याची फिरकी बदलायला गेली होती. जुन्या दागिन्यांच्या काचेच्या कपाटात तिला ही दिसली. कडीचा सांधा लालसर होता. ठाण्याच्या सोनाराने घाईत डाग दिला होता, लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. तो सांधा ती आंधळी झाली तरी बोटाने ओळखेल, म्हणाली. कुणी आणून दिली असं विचारलं, तर सोनार म्हणाला, गिऱ्हाइकाचं नाव सांगता येत नाही. तिने कार्ड टॅप केलं आणि स्वतःची वाटी विकत घेऊन बाहेर आली.

मी म्हटलं, "वाहून आली असेल ग काठाला. कुणाला तरी मिळाली."

"हो, आली. पण एकच आली."

मला कळलं नाही. तिने मग समजावलं, मी ख्रिस्ती म्हणून सावकाश. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात. एक माहेरची, एक सासरची. टेबलावर होती ती सासरची, सलिलच्या आईने घातलेली. माहेरच्या वाटीवर सोहमच्या दातांची खूण होती. पहिले दोन दात आले तेव्हा तो सारखी तीच चावायचा, कडेला दोन बारीक खड्डे पडले होते आणि एका बाजूने ती चेपली होती.

"दोन्ही आल्या असत्या तर समुद्राने टाकल्या म्हटलं असतं," ती म्हणाली. "एकच आली. त्यांच्या घरची. ती त्याने निवडून परत पाठवली. तू नाही येत म्हणालीस ना, मग आमच्या घरचं हे नातं तुझं तुला परत, मला नको, असं."

लॅबमध्ये काम करणारी बाई. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नाव, वेळ, तारीख चिकटवते. मी तिला वेड्यात काढणार होते, पण तिचा चेहरा पाहून तिच्यापुढे चहा ठेवला.

"दत्तादादांकडे मशीन आहे ना," ती म्हणाली. "दुसरी तिथेच असेल. ती मिळाली तर मला झोप लागेल."

मी फळीतून दत्ताला हाक मारली. तो टोमॅटोला पाणी घालत होता. मी सगळं सांगितलं, नेहमीसारखं तिखटमीठ लावून. "बघ, आजवर गोऱ्यांच्या अंगठ्या परत केल्यास, आता घरचं काम आलंय." त्याच्या हातातला पाइप त्याच्याच चपलेवर पाणी सोडत राहिला. मी म्हटलं, "अरे, टोमॅटो तिकडे आहेत."

अस्मिता माझ्या मागे उभी होती. तिने फळीतून विचारलं, "दादा, शोधाल का?"

त्याने तेव्हा एकच वाक्य बोलायला हवं होतं. दोन्ही मलाच मिळाल्या. एवढंच. दत्ता म्हणाला, "बघतो."

त्यानंतरच्या शनिवारपासून ते सुरू झालं. अस्मिताला एकटीला गाडीने तिथे जाववत नव्हतं, म्हणून मी न्यायचे. आम्ही दोघी फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसायचो, थर्मासमध्ये चहा. समोर दत्ता गुडघाभर पाण्यात मशीन फिरवायचा. टुंईं झालं की अस्मिता उठून उभी राहायची. बिअरच्या बाटलीचं झाकण निघायचं. ती बसायची. माशाचा गळ निघायचा. परत टुंईं, परत ती उभी. एका सकाळी मी मोजलं, अकरा वेळा उठली. दत्ता वर बघायचा नाही.

मी विनोद करायचे. "दत्ता, झाकणं जमवून ठेव, भंगारात चांगले पैसे येतील." कुणी हसायचं नाही. पाचव्या शनिवारी मीही थांबले.

मार्चच्या शेवटी चित्रलेखा फळीपाशी आली. तिच्या हातात ओला कपडा होता, दुसऱ्या हातात काही नव्हतं, तरी ती तो हात मुठीत धरून उभी होती.

"सेलिन, तो शोधतोय ती वाटी तिथे नाही."

"मग कुठे आहे?"

"स्पृहाच्या कानात."

दोन्ही वाट्या त्याला नोव्हेंबरात एकाच जागी, हातभर अंतरावर मिळाल्या होत्या. पोत कुजली होती, मणी गेले होते. त्याला कुणाच्या ते माहीत नव्हतं, आणि त्याने माहीत करून घ्यायचा प्रयत्नही केला नव्हता. सोनाराने चांगली होती ती विकायला ठेवली. चेपलेली होती ती वितळवली. चित्रलेखाला हे त्याने गेल्या आठवड्यात सांगितलं होतं, बाथरूमचं दार आतून लावून, बाहेर तिला उभं करून.

मी त्याच संध्याकाळी त्याला गाठलं. बस डेपोतून तो घरी आला होता, अजून युनिफॉर्ममध्ये.

"सांगून टाक."

"सांगणार आहे."

"कधी? ती बाई नवऱ्याने टाकलं म्हणून रोज मरतेय. तुझ्या एका वाक्याचं काम आहे."

"मीच टॉवेल दिला होता तिला, सेलिन." तो कुंपणाकडे बघून बोलत होता. "पाण्यातून आली तेव्हा टॉवेल दिला आणि त्याच पाण्यातून... दर शनिवारी ठरवून जातो. तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी निघतं. आज वारा आहे. आज पाणी गढूळ आहे."

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"सांग," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "नको."

मी सांगितलं नाही. ज्या बाईच्या पोटात संध्याकाळपर्यंत काही टिकत नाही, असं अख्खी गल्ली म्हणते, तिने हे दोन महिने ठेवलं. चांगुलपणा वगैरे काही नव्हतं. तो सांगेल तर बरं, माझ्या तोंडून नको, एवढंच. अस्मिता मात्र त्या दोन महिन्यांत उतरली. श्राद्धाची तारीख जवळ येत होती. सोहमला फोनवर म्हणाली, तू येऊ नकोस, तुझ्या बाबांना मी केलेलं चालणार नाही. सोहमने मला फोन केला, "आंटी, इज मम ओके?" मी म्हटलं, "नो वरीज, बेटा." असं उत्तर मी त्या पोराला दिलं याची मला आजही लाज वाटते.

जूनचा पहिला शनिवार. आभाळ पत्र्यासारखं, वारा कानात शिरणारा. किनाऱ्यावर आम्ही तिघंच. दत्ता त्या दिवशी पाण्यात गेला नाही, ओल्या वाळूत, आमच्यापासून वीस पावलांवर मशीन फिरवत होता. आणि गेल्या गेल्या टुंईं झालं. तो गुडघ्यावर बसला, खुरपं एकदाच घातलं.

"अस्मिता," त्याने हाक मारली. आवाज विचित्र आला.

ती धावली. मी खुर्चीतून उठेपर्यंत वाटी तिच्या तळव्यावर होती. तिने ती पाण्यात धुतली, अंगठा कडेवरून फिरवला. एकदा, मग उलट दिशेने. मला तेव्हाच कळलं, त्याच्या आधी. वाटी गोल होती, गुळगुळीत, चेपलेली कुठेच नव्हती. बाकी सगळं सांगितलं होतं, पण दातांच्या खुणेचं तेवढं त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. ती चेपलेली होती एवढं त्याला आठवत होतं, पण ते त्याला दगडांचं काम वाटलं होतं.

"ही नाही," अस्मिता म्हणाली.

"नीट बघ. वाळूत घासून—"

"ही नाही, दादा. कुणा दुसरीची असेल." तिने वाटी त्याच्या हातात परत ठेवली आणि त्याची बोटं मिटली. "तिला नेऊन द्या. तुम्ही परत करता ना सगळ्यांचं."

मला वाटतं, ती मिटलेली बोटंच त्याला सहन झाली नाहीत. तो वाळूत बसला, गमबुटांसकट, लहान मुलासारखे पाय पसरून.

"दोन्ही मलाच मिळाल्या होत्या," तो म्हणाला. "नोव्हेंबरात, एकाच दिवशी, एकाच खड्ड्यात म्हण ना. मीच विकल्या. एक सोनाराने कपाटात ठेवली, एक वितळवली. तिच्यातून स्पृहाला कुड्या केल्या. त्यातली एक मोडून ही करून घेतली, काल. सोनं तेच आहे ग. थोडं तरी तेच आहे."

"सोनं कोण मागत होतं?" अस्मिता म्हणाली. आवाज चढवला नाही.

मला वाटत होतं, आता ती त्याला मारेल, किंवा रडेल, किंवा सुटल्यासारखा श्वास टाकेल. पाच महिने तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. दोन्ही वाट्या बाहेर आल्या होत्या. सलिलने काही निवडलं नव्हतं.

तिने विचारलं, "म्हणजे समुद्राने टाकल्या नाहीत. तुम्ही काढल्या."

"हो."

"त्याने परत नाही केली."

"नाही ग. त्याचा काही संबंध नाही. मी, माझं मशीन."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो काहीच बोलला नाही."

दत्ताने मान वर केली. त्याला वाटलं तिला नीट कळलं नाही, त्याने पुन्हा सांगायला सुरुवात केली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं. तिला नीट कळलं होतं. त्या कपानंतर सलिलचा तिला आलेला तो एकच निरोप होता. वाईट होता, पण त्याचा होता. आता तोही नव्हता. त्या सकाळचं शेवटचं वाक्य तिचंच होतं आणि आता ते तिचंच राहणार होतं.

परतताना गाडीत ती सासरची वाटी मुठीत घेऊन बसली होती. मी विचारलं, "परत सोडायची का? या वेळी होडी करू, लांब जाऊ."

"नको," ती म्हणाली. "दुकानातून आणलीय."

श्राद्ध झालं. सोहम आला. दत्ताला बोलावणं नव्हतं, चित्रलेखा दारात डबा ठेवून गेली, डबा तसाच दोन दिवस दारात होता. देव्हाऱ्याशेजारची फ्रेम गेली, तिथे भिंतीचा चौकोन जरा पांढरा दिसतो. मशीन गराजमध्ये उभं आहे. बिस्किटांचा डबा त्याने पोलीस स्टेशनात नेला. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, कुठे सापडलं, तर त्याने सगळं सांगितलं. तिने फॉर्म भरून घेतला आणि म्हणाली, "थँक यू फॉर ब्रिंगिंग इट इन." हे सांगताना तो पहिल्यांदा रडला. राहिलेली कुडी स्पृहा घालत नाही, टाकतही नाही.

अस्मिताची गाडी ऑगस्टपासून नादुरुस्त आहे आणि तिला सकाळी आठची बस धरावी लागते. ती बस दत्ताची आहे. मी कधी कधी मुद्दाम त्याच बसने जाते. स्टेशनला सगळे उतरतात, शाळेची पोरं, नर्सेस, सूटवाले, पुढच्या दाराने, मागच्या दाराने, आणि प्रत्येक जण उतरताना ड्रायव्हरला ओरडून थँक यू म्हणतो. अस्मिता मागच्या दाराने उतरते. काही म्हणत नाही. दत्ता आरशात बघत थांबतो, दोन्ही पाय तिचे फुटपाथवर पडेपर्यंत. मगच दार लावतो.